जन्मतः वेगळा कान : एका प्रश्नाचा इतिहास



संयोजकांनी यंदा विषय विचारला तेव्हा आम्ही सांगितलं, 'जन्मतः वेगळ्या घडणीचे कान'. फोनवर थोडा वेळ शांतता. मग पलीकडून प्रश्न आला, "सर, आपण तत्त्वज्ञानाचे ना?" हो, तत्त्वज्ञानाचेच. आयुष्यभर आम्ही कार्यकारणभाव शिकवला. 'हे असं का झालं?' हा प्रश्न माणसाने किती तऱ्हांनी विचारला आणि प्रत्येक तऱ्हेची किंमत कोणी मोजली, हे पाहायचं असेल तर कानाइतकं चांगलं उदाहरण आम्हांला दुसरं माहीत नाही.

सुरुवात घरातून करतो. आमची थोरली बहीण, ताई, कृष्णाकाठच्या एका गावात जन्मली. तिचा डावा कान तुमच्या-आमच्यासारखा. उजव्या जागी शेंगदाण्याएवढी एक घडी, आणि भोक नाही. सुईणीने बाळ हातात दिलं आणि आजीने पहिला प्रश्न आईला विचारला, "ग्रहणात काय चिरलं होतंस?" आई सात महिन्यांची असताना ग्रहण लागलं होतं आणि तिने भोपळा चिरला होता. झालं! खटला तिथेच निकाली निघाला. ताईची वेणी पुढे कायम उजव्या बाजूला सैल घातली जायची, आणि वेणी घालताना आई गप्प असायची. आम्ही ताईपेक्षा चार वर्षांनी धाकटे. त्या गप्प बसण्याचा अर्थ कळायला आम्हांला बरीच वर्षं लागली.

आता थोडं मागे जाऊ.

मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकच्या प्रदेशात, मातीच्या विटांवर लिहिलेली शकुनांची एक मोठी मालिका सापडली आहे. तिचं नाव 'शुम्मा इझ्बू'. विकृत जन्म झाला तर त्याचं फळ काय, याची ती यादी आहे. तीत कानांना बरीच जागा दिली आहे. उजवा कान नसला तर एक फळ, डावा नसला तर दुसरं, दोन्ही नसले तर तिसरं. कधी घरावर संकट, कधी राज्यावर. लक्षात घ्या, 'हे कशाने झालं' असं तिथे कोणी विचारत नाही. 'हे कशाची खूण आहे' एवढंच विचारलं जातं. मूल म्हणजे देवांनी पाठवलेलं पत्र. पत्र वाचायचं असतं, त्याच्यावर उपचार करायचे नसतात.

आपल्याकडे प्रश्न वेगळा विचारला गेला, आणि तोही एकाच ग्रंथात दोन तऱ्हांनी. ग्रंथ सुश्रुतसंहिता. सूत्रस्थानाचा सोळावा अध्याय कान टोचण्याचा आणि तुटलेला कान सांधण्याचा. सहाव्या किंवा सातव्या महिन्यात, रक्षणासाठी आणि भूषणासाठी मुलाचे कान टोचावेत. मूल दाईच्या मांडीवर, हातात खेळणं. वैद्याने पाळी ताणून धरायची आणि ऊन जिथून आरपार दिसेल त्या जागी टोचायचं. मुलाचा आधी उजवा, मुलीचा आधी डावा. आपल्याकडे सोनार कान टोचायला घरी येतो तेव्हा तोही पाळी उजेडाकडे धरून पाहतो.

पुढे जड दागिन्यांनी पाळ्या लोंबतात, तुटतात, जखमांनी जातात. त्या सांधण्याच्या पंधरा रीती त्याच अध्यायात आहेत. त्यांतली 'गंडकर्ण' ही रीत जगाच्या शल्यशास्त्रात आज मानाने सांगितली जाते. कानाला पाळीच उरली नसेल तर गालाचं मांस सोलून घ्यायचं, पण पूर्ण तोडायचं नाही. एका बाजूने ते गालाला जोडलेलं ठेवायचं, म्हणजे त्याचा रक्तपुरवठा चालू राहतो, आणि मग त्याची पाळी घडवायची. जिवंत मांस जिवंत ठेवून हलवायचं, हे यातलं मर्म. ग्रंथाचा प्रामाणिकपणाही बघा. पंधरांतल्या शेवटच्या पाच प्रकारांना सुश्रुत सरळ असाध्य म्हणतो.

हे झालं हातांचं शहाणपण. आता त्याच ग्रंथाच्या शारीरस्थानात जाऊ. तिथे गर्भिणीच्या 'दौहृदा'ची चर्चा आहे. आपले 'डोहाळे' त्याच कुळातले. गर्भिणीची इच्छा पुरवली नाही, तर मूल कुबडं, लंगडं, मुकं, डोळ्यांत दोष असलेलं निपजतं, असं तिथे म्हटलं आहे. आज आपल्याला ते पटणार नाही. पण हा दोष कोणाकडे जातो ते पाहा. इच्छा न पुरवणाऱ्या घराकडे! म्हणजे निदान कागदावर तरी बाईला संरक्षण होतं. पुढे लोकव्यवहारात काय झालं? डोहाळजेवण राहिलं, झोपाळा राहिला, आणि दोष मात्र घराकडून सरकत सरकत बाईच्या विळीपर्यंत येऊन पोचला.

आमच्या स्वतःच्या शास्त्रालाही आम्ही सोडणार नाही. न्यायवैशेषिकांच्या मते श्रोत्रेंद्रिय म्हणजे आकाशच, पण कानाच्या पोकळीने मर्यादित झालेलं. कल्पना मोठी सुंदर आहे. अडचण अशी की आकाश नित्य आहे, सगळीकडे आहे. मग एखादा बहिरा कसा? प्रशस्तपाद उत्तर देतो की ते आकाश त्या जिवाच्या धर्माधर्माने बांधलेलं असतं, आणि त्या बंधनात वैकल्य आलं की बहिरेपण येतं. तार्किकदृष्ट्या जागा भरली. पण ही जागा भरताना बहिऱ्या मुलाच्या डोक्यावर मागल्या जन्माचं ओझं ठेवलं गेलं. आम्ही हे पस्तीस वर्षं वर्गात शिकवलं आणि एकदाही फळ्याकडून वळून 'मग माझ्या ताईचं काय?' असं विचारलं नाही. ही आमची कबुली समजा.

युरोपात फार वेगळं नव्हतं. अरिस्टॉटल म्हणतो, विकृत जन्म म्हणजे निसर्गाचा हेतू चुकणं. त्याने निदान शकुन बाजूला ठेवला. पण १५७३ साली फ्रेंच शल्यविशारद आंब्रुआझ पारे अशा जन्मांची तेरा कारणं देतो, आणि त्यांत देवाचं वैभव आहे, देवाचा कोप आहे, सैतान आहे, आणि आईची कल्पनाशक्ती आहे. आईने काही भयंकर पाहिलं की ते मुलावर उमटतं! मात्र त्याच यादीत 'गर्भाशयात जागा कमी पडणं' हेही एक कारण आहे. ते लक्षात ठेवा, त्याच्याकडे आपल्याला परत यायचं आहे.

इकडे हातांचं शहाणपण आपल्या वाटेने चाललंच होतं. १५९७ साली बोलोन्याच्या तालियाकोत्सीने नाक, ओठ, कान पुन्हा घडवण्यावर ग्रंथ छापला. आणि १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन'मध्ये एक पत्र आलं, ते आपल्या पुण्याचं. कावसजी नावाचा गाडीवान इंग्रजी फौजेबरोबर होता, टिपूच्या सैन्याने त्याला पकडून त्याचं नाक कापलं होतं. पुण्याजवळच्या एका कारागिराने कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवं नाक दिलं. त्याची जात पत्रात वीटभट्टीवाल्याची सांगितली आहे, नाव मात्र दिलेलं नाही. कारप्यू या इंग्रज शल्यविशारदाने १८१४ साली लंडनमध्ये ही रीत वापरली. तत्त्व गंडकर्णाचंच, कातडी तोडायची नाही, वळवायची. ज्यांना श्रोत्र म्हणजे काय हे कोणी शिकवलं नव्हतं, त्या हातांनी हे ज्ञान टिकवलं. १८४५ मध्ये बर्लिनच्या डीफेनबाखने जखमेने बिघडलेल्या कानासाठी मागची कातडी काढून कान बसवण्याची शस्त्रक्रिया सांगितली.

आता एकोणिसाव्या शतकातला एक विचित्र वळसा. शकुन गेले, देव गेला, पण कानाकडे संशयाने पाहणं गेलं नाही. १८७६ साली इटलीत लोंब्रोझोने 'जन्मजात गुन्हेगारा'ची लक्षणं मांडली. त्यांत हंड्याच्या कानासारखे बाहेर आलेले कान हेही एक लक्षण होतं! म्हणजे मेसोपोटेमियाची वीट आता विज्ञानाच्या कपाटात आली. त्यानंतर पाचच वर्षांनी, १८८१ मध्ये, न्यूयॉर्कच्या एडवर्ड इलीने एका बारा वर्षांच्या मुलाचे बाहेर आलेले कान शस्त्रक्रियेने मागे घेतले. मुलाला दुसरा काही आजार नव्हता. त्याला सोबती चिडवत होते, एवढंच. काही लोक म्हणतील, चिडवणाऱ्यांना सुधारायचं सोडून कान कशाला कापायचे? प्रश्न रास्त आहे. पण बारा वर्षांच्या मुलाला समाज सुधारेपर्यंत थांबायला सांगणंही न्यायाचं नाही. अष्टावक्राने जनकाच्या सभेला हसून गप्प केलं, अशी कथा आपण सांगतो. प्रत्येक मुलाकडून अष्टावक्र होण्याची अपेक्षा करणं हा आपला आळस आहे.

मग 'कशामुळे' हा प्रश्न खरा कधी विचारला गेला? फ्रान्समध्ये १८३२ साली इझिदोर जॉफ्रॉय सँतिलेर याने विकृत जन्मांच्या शास्त्राला नाव दिलं. चमत्कार संपला, वर्गीकरण सुरू झालं. आणि १८८५ मध्ये विल्हेल्म हिस या शरीरशास्त्रज्ञाने गर्भाचा कान कसा घडतो ते दाखवलं. पाचव्या-सहाव्या आठवड्यात गर्भाच्या मानेजवळ सहा बारीक उंचवटे येतात, तीन एका कमानीवर, तीन दुसऱ्या कमानीवर. ते एकमेकांत मिसळतात, जबडा वाढतो तसे वर सरकतात, आणि त्यांतून आपल्या कानाची ही सगळी वळणं होतात. आतला कान, म्हणजे ध्वनी ओळखणारा शंख, या उंचवट्यांतून होत नाही. तो वेगळ्याच पेशींपासून, आधीच आकार घेऊ लागलेला असतो. म्हणजे दारावरची कमान एका गवंड्याने बांधली, आतलं देवघर दुसऱ्याने. कमान नसली तरी देवघरात दिवा असू शकतो. बहुतेकदा असतोच. हे वाक्य ताईच्या शाळेतल्या गुरुजींना कोणी सांगितलं असतं तर!

कान कधी घडतो, याचा पुरावा मात्र फार भयानक रीतीने मिळाला. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड हे झोपेचं औषध बाजारात आलं. गर्भिणींच्या मळमळीवरही ते दिलं गेलं. १९६१ च्या नोव्हेंबरात, हॅम्बुर्गच्या विडुकिंड लेंझ यांनी धोक्याची सूचना दिल्यावर, ते तिथल्या बाजारातून काढलं. तोवर जगभर दहा हजारांच्या आसपास मुलांना त्याने बाधलं होतं. हातपाय नसलेल्या मुलांची चित्रं तुम्ही पाहिली असतील. पण या औषधाने बाधलेलं पहिलं ज्ञात मूल १९५६ च्या नाताळच्या दिवशी, म्हणजे औषध बाजारात येण्यापूर्वीच, जन्मलं होतं, आणि त्या मुलीला कान नव्हते. वडील त्याच कंपनीत नोकरीला होते. पुढे आयांनी गोळी कोणत्या दिवशी घेतली याच्या नोंदी जुळवल्या, तेव्हा एक वेळापत्रक हाती आलं. गर्भधारणेनंतर साधारण विसाव्या ते चोविसाव्या दिवसांत गोळी घेतली असेल तर कान जातात. हात त्यानंतर, पाय त्याहून नंतर.

श्रोतेहो, विसावा दिवस! तेव्हा बाईला दिवस गेल्याचं तिचं तिलाही नक्की माहीत नसतं. आता आमच्या घरचा खटला पुन्हा उघडा. ग्रहण कधी लागलं? सातव्या महिन्यात. कान कधी घडला, किंवा घडायचा राहिला? दुसऱ्या महिन्यात. कारण कार्याच्या आधी असलं पाहिजे, हा तर्कशास्त्राचा पहिला धडा. भोपळा चिरला तेव्हा ताईचा उजवा कान होता तसा होऊन पाच महिने झाले होते. आई निर्दोष होती, आणि ते सिद्ध करायला वेदान्त लागत नव्हता, पंचांग पुरलं असतं.

मग खरं कारण काय? अशा अर्धवट कानाला डॉक्टर मायक्रोशिया म्हणतात. साधारण दहा हजार जन्मांत एक ते तीन मुलांत तो दिसतो, उजव्या बाजूला जास्त, मुलग्यांत जास्त. काहींत जनुकांचा बदल सापडतो. मुरुमांवरचं आयसोट्रेटिनॉइन हे औषध गर्भारपणात पोटात गेल्याने झालेलाही सापडतो. ते औषध चालू असताना दिवस राहू द्यायचे नाहीत, ही ताकीद त्यामुळेच. बहुसंख्य मुलांत मात्र एकच एक कारण बोटाने दाखवता येत नाही. माणसाला 'कारण सापडलं नाही' हे उत्तर सोसत नाही, म्हणून तो कोणाला तरी धरतो. जवळची बाई सगळ्यांत आधी सापडते.

आता उपचार. इथे दोन गोष्टी वेगळ्या ओळखायला हव्यात. एक, कान पूर्ण आहे पण दुमडलेला, वाकलेला, टोकदार किंवा वरचा भाग कातडीखाली पुरलेला आहे. दुसरी, कानाचा भागच घडलेला नाही.

पहिल्या प्रकारात पुष्कळदा गर्भाशयातला दाब कारण असतो. पाऱ्याच्या बेरजेतला नव्हे, पारेच्या यादीतला तो एक मुद्दा इथे अंशतः खरा ठरला! आणि यावरचा उपाय फार सोपा आहे, पण त्याला मुदत आहे. जन्मानंतर काही आठवडे बाळाच्या रक्तात आईचं इस्ट्रोजेन शिल्लक असतं. त्याने कानाची कूर्चा ओल्या मातीसारखी मऊ राहते. जपानमध्ये कियोशी मात्सुओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली दाखवलं की याच दिवसांत कान योग्य आकारात धरून, साच्याने आणि चिकटपट्टीने काही आठवडे बसवला तर शस्त्रक्रियेशिवाय सरळ होतो. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत सुरुवात केली तर उत्तम. साधारण सहा आठवड्यांनी ते संप्रेरक ओसरतं, मातीची वीट भाजून निघते. काही कान पहिल्या आठवड्यात आपोआपही उलगडतात. पण 'मोठा झाला की होईल नीट' म्हणत महिनोन्‌महिने थांबलं, तर नंतर सुरीच उरते. आपल्या आज्या बाळाच्या डोक्याला मोहरीची उशी देत, अंघोळ घालणारी बाई नाक-कान चेपून द्यायची. कोवळं आहे तोवर घडवा, ही जाण त्यांना होती. मात्र पाच मिनिटं चेपून कान बसत नाही, त्याला रात्रंदिवस धरून ठेवावं लागतं, आणि ते काम डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचं.

दुसऱ्या प्रकारात नवा कान घडवावा लागतो. पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांचे चेहरे सांधणाऱ्या हॅरल्ड गिलीज यांनी १९२० मध्ये बरगडीची कूर्चा कोरून कातडीखाली ठेवण्याचा प्रयोग सांगितला. पुढे त्यांनी तीसेक मुलांना त्यांच्या आयांच्या कानांची कूर्चा देऊन पाहिली. विचार करा, जिच्यावर आळ घेतला जातो तीच आपला कान कापून द्यायला पुढे येते. पण शरीराला दुसऱ्याची कूर्चा मानवली नाही. ती हळूहळू विरघळली, कान आक्रसले. शेवटी १९५९ मध्ये अमेरिकेत रॅडफर्ड टँझर यांनी मुलाच्याच बरगड्यांची कूर्चा घेऊन, कोरून, टप्प्याटप्प्याने कान उभा केला, आणि तो टिकला. बर्ट ब्रेंट यांनी ती रीत परिपक्व केली, जपानच्या सातोरू नागाता यांनी १९९० च्या दशकात ती दोन टप्प्यांत आणली. मूल साधारण सहा ते दहा वर्षांचं होईपर्यंत थांबतात, कारण बरगडीत पुरेशी कूर्चा हवी. काही ठिकाणी बरगडीऐवजी सच्छिद्र प्लास्टिकचा सांगाडा वापरतात. २०१८ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी पाच मुलांना त्यांच्याच पेशींपासून प्रयोगशाळेत वाढवलेले कान बसवल्याचं प्रसिद्ध केलं. पण ते अजून प्रयोगाच्या पातळीवर आहे, कोणी त्याची आशा विकायला आलं तर सावध राहा.

हे सगळं दिसण्याचं झालं. ऐकण्याचं काय? आम्हांला विचाराल तर तेच आधी. अमेरिकेत १९८४ साली फ्रेड बेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका कानाने न ऐकणारी मुलं तपासली. त्यांतली एक तृतीयांशाहून अधिक मुलं एखाद्या इयत्तेत नापास झाली होती. तोवर 'दुसरा कान आहे ना, भागेल' असंच मानलं जात होतं. ताईला शाळेत भिंतीकडेला बसवत, गुरुजी तिच्या उजव्या हाताला. त्यांचं अर्धं बोलणं तिच्यापर्यंत पोचायचंच नाही. "बहिरट आहे, लक्ष नाही," असा शेरा घेऊन तिने चौथीत शाळा सोडली. बाक बदलायला पैसे लागत नव्हते.

आम्ही नोकरीला लागल्यावर, खूप वर्षांनी, ताईला आणि आईला शहरातल्या एका कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी नादकाटा वाजवून ताईच्या कपाळावर मधोमध ठेवला. ही परीक्षा जर्मनीच्या वेबर यांच्या नावाने ओळखली जाते. "आवाज कुठून येतोय?" ताई दचकली. हात उजवीकडे गेला, जिथे कान नव्हता तिथे. हाडातून गेलेला ध्वनी आतल्या शाबूत कानाने पकडला होता. वाट बंद असल्याने तो तिथेच जास्त घुमला. ताईचं वय तेव्हा पंचेचाळीसच्या पुढे. हाडातून ऐकवणारं यंत्र स्वीडनच्या गॉथेनबर्गमध्ये १९७७ पासून बसवलं जाऊ लागलं होतं. आज अगदी लहान बाळालाही ते शस्त्रक्रियेशिवाय, डोक्याच्या पट्ट्यावर लावता येतं.

डॉक्टर आम्हांला सहा उंचवट्यांची गोष्ट सांगत होते. आई कोपऱ्यात बसून ऐकत होती. तिने मध्येच विचारलं, "म्हणजे भोपळ्याचं काही नव्हतं?" डॉक्टरांना काय ते कळेना. आम्ही म्हणालो, "नाही आई, कान त्याच्या आधीच झाला होता." ती काही बोलली नाही. पदराने ताईचा उजवा कान, ती इवलीशी घडी, पुसली. आम्ही तिला तिथे हात लावताना पहिल्यांदाच पाहिलं.

तेव्हा श्रोतेहो, आपल्या ओळखीत असं बाळ जन्मलं तर तीन गोष्टी करा. पहिल्याच आठवड्यात कानाचा आकार तज्ज्ञाला दाखवा. दोन्ही कानांची ऐकण्याची तपासणी लगेच करून घ्या. जन्मजात बहिरेपणाची तपासणी २०१३ पासून सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातही आहे. आणि तिसरी गोष्ट, त्या आईला कोणी 'काय चिरलं होतंस?' असं विचारण्याआधी तुम्ही तिला सांगा, 'बाई, तुझं काही चुकलेलं नाही.' यांतली पहिली दोन कामं डॉक्टरांची आहेत. तिसरं तुम्ही-आम्ही करायचं.